रोह्यातलं महाबळेश्वर

कासूच्या हिरामणने लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोचं ऐकायचं ठरवलं, आणि त्यातून पुढे काय काय झालं ते सांगतो. ऐकून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

हिरामण डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला आहे. क्रेनखाली उभं राहून वर बसलेल्या माणसाला हाताने इशारे करायचे, हे त्याचं काम. त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर हत्तीएवढं लोखंड उचललं जातं, फिरतं आणि सांगेल तिथे अलगद खाली बसतं. घरी मात्र त्याच्या इशाऱ्यावर पाण्याचा तांब्याही हलत नाही. (तरी तो इशारे करतो. सवय.)

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा त्याने मालूला विचारलं, तुला काय पायजे ते सांग. त्याला वाटलं साडी म्हणेल, फार तर कानातलं म्हणेल, आणि नशीब जोरावर असलं तर काही नको म्हणेल. मालू तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मानही वर केली नाही.

“मला एक रात अशी पायजे, का सकाळी कोनी उठवनार नाय. आपोआप जाग यील तवा उठेन. आनि चहा दुसऱ्यानं करून हातात दिला पायजे.”

येवढंच, असं म्हणून हिरामण हसला. मालू हसली नाही, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हे प्रकरण कानातल्यापेक्षा अवघड आहे.

आता तुम्हीच बघा. हिरामणची फर्स्ट शिफ्ट असली की मालू कोंबड्याच्या आधी उठते. सेकंड शिफ्ट असली की दूधवाला उठवतो. आणि सुट्टी असली की खुद्द हिरामण उठवतो, कारण सुट्टीच्या दिवशी त्याला लवकर जाग येते आणि जाग आली की चहा लागतो. माहेरी आई होती तोवर माहेर होतं. राहता राहिलं बाहेरगावी जाणं, तर यांचं बाहेरगाव म्हणजे वरसे. रोह्याला चिकटून असलेल्या वरशात हिरामणची थोरली बहीण धोंडुबाई राहते. सणाला वरसे, सुट्टीत वरसे, कुणी आजारी पडलं तरी वरसे. धोंडुबाई जिवाला जीव देणारी बाई, पण तिच्या घरी माणूस पाय धुऊन आत गेला की थेट चुलीपाशी पोचतो. (बाईमाणूस. पुरुषमाणूस पडवीत पोचतो आणि तिथे त्याला चहा मिळतो.) इतक्या वर्षांत मालूने रोह्यात काय पाहिलं असेल, तर परातीचा तळ.

त्याच आठवड्यात धोंडुबाईचा फोन आला. वालाच्या शेंगा भरल्यात, शनिवारी पोपटी लावतोय, दोघंही या. हे ऐकून हिरामणच्या तोंडाला पाणी सुटलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, अंडी, कोंबडी, आणि वरून जाळ. थंडीच्या दिवसांत आमच्याकडच्या माणसाला पोपटी म्हटलं की बाकी काही ऐकू येत नाही. पण धोंडुबाई पुढे म्हणाली की मालूला दोन दिस राहायच्या हिशेबानं आन, शेंगा लय हायत, आणि पाव्हने बी लय हायत. फोन स्पीकरवर होता. मालूने हातातली भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली.

आणि हिरामणने उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“आक्का, यंदा नाय जमायचं. आमी महाबळेश्वरला चाललोय.”

हे ऐकून धोंडुबाईला जेवढा धक्का बसला, तेवढाच मालूला बसला, आणि त्याच्या दुप्पट हिरामणला बसला. पण सुटलेला शब्द आणि क्रेनवरून सुटलेलं लोखंड यांना मागे घेता येत नाही. कुठेतरी जाणं भाग होतं. पनवेलला शिकणाऱ्या किमयाने, म्हणजे यांच्या मुलीने, मोबाइलवर शोधाशोध केली. महाबळेश्वर भरलेलं. अलिबाग मुंबईकरांनी भरलेलं. शेवटी तिला एका नव्या हॉटेलात एसी रूम मिळाली. सकाळचा नाश्ता त्यातच. हॉटेल रोह्यात, स्टेशनपासून जवळ.

“रोह्याला? वन्संच्या दारात?” मालूने विचारलं.

हिरामणचं डोकं अशा वेळी फार चालतं, हीच तर अडचण आहे. तो म्हणाला, दिव्याखाली अंधार असतो गो. आक्का आपल्याला महाबळेश्वरात शोधेल, रोह्यात कशाला शोधेल? शिवाय गाडीत बसलं की उतरलं. तोंड जरा झाकून घ्यायचं, देवदर्शन करायचं, नदीकाठी फिरायचं, आणि रात्री निवांत झोपायचं. मालूला हे पटलं नाही, पण तिला झोप हवी होती. झोपेपुढे माणूस काहीही पटवून घेतो.

शनिवारी दुपारी दोघं हॉटेलच्या काउंटरपाशी उभी राहिली. मॅनेजर आदर्श म्हणून एक तरुण होता, बाहेरगावचा, टाय लावलेला. त्याने दोघांची आधार कार्डं पाहिली आणि ती अगदी नम्रपणे परत केली. म्हणाला, सॉरी काका, लोकल आयडीवर आम्ही कपलला रूम देत नाही, मालकांचा रूल आहे.

हिरामणने मागे वळून पाहिलं, कपल कुठे उभं आहे ते बघायला. मागे कुणी नव्हतं.

मग त्याला उलगडा झाला आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो म्हणाला, ही माझी बायको हाय. आदर्श म्हणाला, सगळे तसंच सांगतात काका. इथून अर्ध्या तासावर तुमचं घर आहे, मग दुपारी बॅग घेऊन रूम कशाला हवी? प्रश्न तसा बिनतोड होता. लग्नाचा दाखला मागितला, तो नव्हता. लग्न मांडवात झालं होतं आणि अख्खं कासू जेवून गेलं होतं. दाखला काढायचं कुणाच्या डोक्यात येणार? शेवटी आदर्शलाच दया आली. म्हणाला, मोबाइलमध्ये दोघांचा एखादा घरगुती फोटो असेल ना, तो दाखवा, मी मालकांना पाठवतो.

हिरामणने मोबाइल काढला. क्रेन. क्रेनचा हूक. हुकाचा जवळून फोटो. कॅन्टीनमधला वाढदिवस, ज्याचा वाढदिवस तो सोडून सगळे. शेजाऱ्याची म्हैस. तीच म्हैस, दुसऱ्या बाजूने. शुभ सकाळ, शुभ सकाळ, शुभ सकाळ. त्याचा अंगठा वर वर सरकत गेला आणि कपाळावर घाम आला. मालू खांद्यावरून बघत होती.

“म्हैस हाय. मी नाय,” ती म्हणाली.

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, आणि हिरामणला काउंटरखाली शिरावंसं वाटलं. आदर्शनेही नजर दुसरीकडे वळवली. मग त्याने शेवटचा उपाय सांगितला: रोह्यातलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याशी बोलून घेतो, ते हो म्हणाले तर रूम देतो.

रोह्यात ओळखीचं कोण? धोंडुबाई. ती सोडून कोण? हिरामणला त्याच्याच शिफ्टला असणारा प्रविण आठवला. प्रविण रोह्यातलाच, सरळ मनाचा माणूस. आदर्शने फोन लावला. प्रविणने मालूचा आवाज ऐकला, वहिनीच हायत म्हणून ग्वाही दिली, आणि रूमची चावी मिळाली. हिरामणने बाजूला जाऊन त्याला बजावलं की ही गोष्ट कुणाला कळता कामा नये. प्रविण म्हणाला, अजिबात नाय. आणि तो खरंच तसं म्हणाला.

पण आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. ज्या गावात सख्खी बहीण आहे त्या गावात भाऊ लॉजमध्ये उतरला, तर त्याचा अर्थ एकच होतो: भांडण झालंय. दुसरा अर्थ आजवर कुणी लावलेला नाही. त्यात ‘कुणाला सांगू नको’ म्हटलं, म्हणजे भांडण मोठं आहे. प्रविणचा जीव कळवळला. भावाबहिणीचं तुटताना बघत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, वरशाला, धोंडुबाईच्या नवऱ्याला, बाबाजींना. म्हणाला, तुमचा मेव्हना रुसून हाटेलात उतरलाय, काय आसंल ते मिटवा.

इकडे रूममध्ये मालू गादीवर बसली. आधी कडेला, मग जरा आत, मग चपला काढून पाय वर घेऊन. तिने एसीचा वारा तोंडावर घेतला, पांढऱ्या चादरीवरून हात फिरवला. मग तिची नजर टेबलावर गेली आणि तिचा चेहरा उतरला. टेबलावर चहाची विजेची किटली होती, शेजारी दोन कप आणि साखरेच्या पुड्या.

“म्हंजे इथं बी आपनच करायचा?”

हिरामणने किटली कपाटात ठेवली, कपाट बंद केलं आणि वर बॅग लावली.

ऊन उतरल्यावर दोघं रोहा बघायला निघाली. हिरामणने मास्क आणि कंपनीची टोपी घातली होती, मालूने ओढणीने तोंड गुंडाळलं होतं, डोळे तेवढे उघडे. धावीर महाराजांच्या देवळापाशी फुलं विकणाऱ्या बाईने त्या डोळ्यांकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, धोंडुबाईची भावजय ना गो तू? मालूने जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. बाईने हसून एक फूल जास्त दिलं. ज्या गावात वीस वर्षं माणसाने लग्नांना वाढप केलंय, त्या गावात ओढणी काय लपवणार? तरी हिरामणला वाटत होतं, बेत झकास चाललाय. देवळात मालू बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग दोघं कुंडलिकेच्या काठी बागेत जाऊन बसली. समोर अवचितगडाचा डोंगर होता. हिरामणने बायकोला कणीस घेऊन दिलं, आणि ती म्हणाली की इतकी वर्षं आले, पन हितं नदी हाय ते भांडी घासताना नुसतं ऐकलं व्हतं.

तेवढ्यात धोंडुबाईचा व्हिडिओ कॉल आला.

(इथे तुम्हाला माहीत आहे आणि हिरामणला माहीत नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.)

हिरामणने मास्क आणि टोपी काढली, मालूची शाल स्वतःच्या अंगावर घेतली आणि थंडीने कुडकुडल्यासारखा चेहरा करून फोन घेतला. धोंडुबाई म्हणाली, दाखव तुझा महाबळेश्वर. त्याने कुंडलिका दाखवली आणि सांगितलं की हा वेण्णा लेक. अवचितगड दाखवला आणि सांगितलं की हा प्रतापगड, लांबून. कणीसवाला दाखवला आणि सांगितलं की हितं स्ट्रॉबेरीबरोबर कनसं पन असतात. धोंडुबाई एरवी हजार प्रश्न विचारते, आज एकही विचारला नाही. तिने बराच वेळ सगळं बघितलं. बरं हाय, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. हिरामण खूश झाला. मालू मात्र कणीस खाता खाता थांबली. तिला वन्संचा आवाज बरा वाटला नाही.

दिवेलागणीला दोघं रूमवर परतली आणि मालूने केस सोडले. एवढ्यात दारावर थाप पडली. हिरामणला वाटलं जेवणाचं विचारायला आले. त्याने दार उघडलं. दारात धोंडुबाई उभी होती, हातात स्टीलचा डबा, डोळे सुजलेले. तिच्या मागे बाबाजी उभे होते, शेंगांची पिशवी घेऊन. पिशवी आणायचं कारण त्यांनाही माहीत नव्हतं. निघताना हातात होती म्हणून आली.

धोंडुबाई ओरडेल अशी हिरामणची तयारी होती. ती ओरडली नाही, रडली. म्हणाली, “रं हिरामन, बहिनीच्या गावात भावानं हाटेलात झोपायचं? येवढं काय केलं मी तुला?”

आणि हा पठ्ठ्या म्हणतो काय, तर आक्का, आमी महाबळेश्वरलाच चाललो होतो. बाबाजींनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून रोहा स्टेशनची पाटी स्वच्छ दिसत होती. त्यांनी पुन्हा मान वळवली आणि एक शब्द बोलले नाहीत. मेव्हण्याची लाज राखणारी माणसं अजून आहेत म्हणायची.

धोंडुबाई रडत रडत कारणं शोधत होती. भाऊबीजेला ओवाळणीवरून मस्करी केली ती लागली का? गेल्या साली आंबे पाठवले नाहीत ते लागलं का? हिरामण प्रत्येक कारणाला नाय गो आक्का, नाय गो आक्का करत होता, आणि खरं कारण सांगावं तर बहीण तुटते, खोटं सांगावं तर बायको तुटते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने सवयीने मालूला डोळ्याने इशारा केला, काहीतरी सांभाळून घे म्हणून.

मालूने इशारा पाहिला आणि सोडून दिला.

“वन्स, कोनाचा राग नाय,” ती म्हणाली. “तुमचा तर नायच नाय. मला फकस्त एक सकाळ कोनी उठवायला नको व्हतं. तुमच्याकडं आले आसते तर तुमच्या आधी उठले आसते. घरी हायच. म्हनून हितं आलो. खोटं हे बोलले, पन माझ्यासाठी बोलले.”

हिरामणने डोळे मिटून घेतले. आता बहीण उठणार, डबा आपटणार आणि पुढच्या भाऊबीजेला दार बंद, हे त्याला स्पष्ट दिसलं. धोंडुबाई खुर्चीवरून उठलीही. पण ती दाराकडे न जाता गादीकडे गेली आणि गादीच्या कडेला बसली. पदराने डोळे पुसले. चादरीवर हात टेकला.

“सकाळी खरंच कोनी उठवीत नाय?” तिने विचारलं.

“नाय, वन्स.”

“आनि चहा?”

“खाली सांगितला का वर आनून देतात.”

धोंडुबाई हळूच म्हणाली की लग्न होऊन वरशात आल्यापासून सासूबाईंची पहिली हाक तिलाच असते, अंधारात. सासूबाई वाईट नाहीत, पण हाक चुकत नाही. मालूने तिच्याकडे पाहिलं आणि गादीवर सरकून जागा केली. एवढ्या खटपटीने मिळालेली एकच रात्र, पण तिने अर्धी देऊन टाकली. म्हणाली, “वन्स, तुमी बी राहा.”

हिरामण म्हणाला, गो, बेड दोघांचाच हाय. दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. बाबाजींना परिस्थिती त्याच्या आधी समजली. त्यांनी शेंगांची पिशवी उचलली आणि म्हणाले, “चला पाव्हने. पोपटी लावायची राहिलीय.”

खाली आदर्शने, लोकल आयडी, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. दोघांना सोडायला आलेल्या धोंडुबाईने जिन्यावरून त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्याने दोन चहा कधी पाठवू एवढंच विचारलं.

आता वरशाची हकिकत. पोपटी झाली, उत्तम झाली, हिरामण पोटभर जेवला आणि ढेकर देऊन आडवा झाला. बायकोची इच्छा पुरी झाली, बहीण तुटली नाही, वर पोपटी. असा हिशेब जमल्यावर झोप छान लागते. पण उजाडायच्या आत आतल्या खोलीतून बाबाजींच्या आईची हाक आली. धोंडुबाईचं नाव. मग पुन्हा. बाबाजी शेजारी घोरत होते. (घोरत होते की घोरल्यासारखं करत होते, हे हिरामणला अजून ठरवता आलेलं नाही.) तिसऱ्या हाकेला हिरामण उठला. चुलीने त्याला धुराने रडवलं, शेवटी गॅस सापडला. म्हातारीला चहा दिला. मग तिला भाकरी हवी होती. हिरामणने तांदळाचं पीठ मळलं, थापलं, आणि जे काही तव्यावर पडलं त्याला भाकरी म्हणायचं असं त्या दोघांनी आपसात ठरवलं. म्हातारी सगळं खाऊन गेली. मग पाहुण्यांच्या चहाची भांडी होती, अंगण होतं, पोपटीची राख होती. तांब्या कुठून कुठे किती वेळा हलवावा लागतो, हे त्याला त्या सकाळी कळलं.

ऊन चांगलं वर आल्यावर आंघोळ करून तो रिक्षाने हॉटेलवर गेला. नाश्ता रूमच्या भाड्यातच धरलेला आहे, ही गोष्ट तो विसरला नव्हता. खालच्या हॉलमध्ये दोघी समोरासमोर बसल्या होत्या. पुढे इडली, पोहे, कापलेलं कलिंगड. मालूच्या डोळ्यांत झोप पुरी झाल्यावर येतो तसा तजेला होता. पंचवीस वर्षांत हिरामणने तिला असं पाहिलं नव्हतं. तो उठायचा तेव्हा ती भाकऱ्या थापून मोकळी झालेली असायची.

“अवो, आज मी आपोआप उठले,” ती म्हणाली. “डोळं उघडलं तर ऊन आलेलं. वन्स तर अजून घोरत व्हत्या.”

हिरामणला खरंच भरून आलं. त्याने खुर्ची ओढली आणि पोह्यांकडे हात नेला. पोरगा वाढायला आला होता, तो म्हणाला, सर, या रूमचे दोघांचे नाश्ते झालेत. हिरामणने हात मागे घेतला, हरकत नाही म्हणाला, आणि बॅग आणायला उठला. तर मालू म्हणाली की बॅग राहू दे. रूम आजची बी ठेवलीय. तुमची उद्या सेकंड शिफ्ट हाय ना, मग उद्या सकाळी जाऊ. आज आमी दोघी गडावर जानार.

हिरामणने बहिणीकडे पाहिलं. घरात सासू आहे, पाहुणे आहेत, ही एवढी राहणार कशी? तर धोंडुबाई इडली मोडत शांतपणे म्हणाली, “सासूबायचा आताच फोन आलेला. जल्मात पयल्यांदा म्हनाल्या, सावकाश ये. म्हनाल्या, भाकरी नाय येत त्याला, पन चहा तुझ्यापरीस बरा करतो, आनि बोलावल्यावर उलट बोलत नाय.”

खरं सांगायचं तर क्षणभर हिरामणला बरंही वाटलं. घरात आजवर त्याच्या कुठल्याच कामाचं कुणी कौतुक केलं नव्हतं. (काम केलं नव्हतं म्हणून, पण ते असो.) दोघींचा निरोप घेऊन तो बाहेर आला, रिक्षात बसला आणि वरसे म्हणाला. दुपारी म्हातारीला काय घालावं, याचा तो मनाशी विचार करत होता. वालाचं बिरडं करावं म्हटलं तर करता आलं असतं. पुलाच्या अलीकडे त्याच्या एकदम लक्षात आलं, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला: वाल रात्रीच भिजत घालायचे राहिले होते.